जागतिक दिन आणि आपला हंगाम

सांप्रत भिंतीवरील दिनदर्शिकेत तिथी, वार व नक्षत्र यांच्या जोडीस आणखी एक मजकूर छापलेला आढळतो, तो जागतिक दिनांचा. मातीचा दिन आहे, पाण्याचा आहे, मधमाशीचा आहे, नारळाचा आहे. अन्नाचा, आरोग्याचा, मातृभाषेचा आणि सहकाराचाही आहे. सकाळी शाळेच्या फलकावर चार ओळी लिहिल्या जातात, ग्रामपंचायतीसमोर एखादे रोप लावले जाते, मोबाइलवर शुभेच्छांची चित्रे फिरतात, आणि सूर्यास्ताबरोबर दिनही मावळतो. काही मंडळी या प्रथेची थट्टा करतात. काही मंडळी वरून आलेले परिपत्रक म्हणून तो निमूटपणे पाळतात. हा दिन मागितला कोणी, ठरविला कोणी आणि नेमकी हीच तारीख का, हे तीन प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. कृषकवर्गाने ते विचारणे अगत्याचे आहे. कारण यांतील बरेचसे दिन आपल्या नावाने निघालेले असून, आपण शेतात गुंतलेले असताना, आपल्या गैरहजेरीत ते साजरे होतात.

दिवस नेमून पाळण्याची रीत आपणांस नवी नाही. श्रावणी पौर्णिमेस किनाऱ्यावरील लोक समुद्रास नारळ अर्पण करतात. रेडीपासून मालवणपर्यंत आणि त्याही पुढे हा सण सारख्याच श्रद्धेने होतो. त्याची तिथी कोणत्याही सभेने ठरविलेली नाही. पावसाळी वाऱ्याचा जोर ओसरू लागतो, समुद्र निवळू लागतो आणि होड्या पुन्हा पाण्यात लोटण्याची वेळ येते, तीच ही तिथी. मृगाचे आगमन, बैलपोळा, दसऱ्याच्या सुमारास दाराला बांधावयाचे भाताच्या लोंब्यांचे नवे, या सर्वांचा संबंध कोठे ना कोठे हातातील कामाशी आहे. मालवण तालुक्यातील आचरे गावी तर काही वर्षांच्या अंतराने गावपळण होते. देवाचा कौल मिळाला की सारा गाव गुराढोरांसह वेशीबाहेर राहावयास जातो. तेथे तारीखसुद्धा आधी ठाऊक नसते, तरी एकही घर मागे राहत नाही. असे पालन कोणत्याही ठरावाला आजवर साधलेले नाही, हे येथे सहज नमूद करून ठेवतो.

आता जागतिक दिनांच्या उगमाकडे वळू. आजच्या प्रथेचे मूळ राजदरबारी नसून कामकऱ्यांच्या वस्तीत आहे. अमेरिकेतील शिकागो शहरी १८८६ सालच्या मे महिन्यात आठ तासांच्या कामासाठी मोठा संप झाला व त्यात रक्त सांडले. १८८९ साली पॅरिस येथे जमलेल्या समाजवादी प्रतिनिधींनी १ मे हा दिवस त्या मागणीसाठी सर्व देशांत एकदम पाळावा असे ठरविले आणि १८९० साली तो प्रथम पाळला गेला. निरनिराळ्या देशांतील माणसांनी एकाच तारखेस एकच मागणी करावी, ही कल्पनाच त्या काळी नवीन होती.

त्याच १८९० साली आपल्या मुंबईत काय घडत होते, हे फार थोड्यांस ठाऊक असते. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व 'दीनबंधू' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातील मागण्या साध्या होत्या. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पहाटे साडेसहा ते सूर्यास्त एवढीच कामाची मर्यादा, महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मजुरी आणि काम करताना जखमी झालेल्यास भरपाई. त्या वेळी गिरणीत सुट्टीचा ठराविक वार असा नव्हताच. सहा वर्षे अर्ज, सभा व वर्तमानपत्रातील लेख चालू राहिले. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. त्या काळच्या गिरणी कामगारांत रत्नागिरी जिल्ह्याचा भरणा फार मोठा होता, आणि आजच्या सिंधुदुर्गाचा बराचसा भाग तेव्हा त्याच जिल्ह्यात मोडत असे. म्हणजे आपल्यापैकी कित्येकांच्या पणज्यांनी त्या निवेदनावर अंगठा उठविला असण्याचा संभव आहे. रविवार हा आज कोणास 'दिन' वाटत नाही, इतका तो अंगवळणी पडला आहे. परंतु मागून, झगडून आणि मिळवून घेतलेल्या दिवसाचे याहून चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही. जाता जाता सांगावयाचे म्हणजे, १ मे या तारखेस आपल्याकडे आणखी दोन अर्थ चिकटले आहेत: १९६० साली महाराष्ट्र राज्य त्याच दिवशी स्थापन झाले आणि १९८१ साली रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा त्याच दिवशी वेगळा झाला.

महिला दिनाची हकीकतही अशीच आहे. १९१० साली कोपनहेगन येथे भरलेल्या कामकरी स्त्रियांच्या परिषदेत जर्मनीच्या क्लारा झेटकिन यांनी तो सुचविला. पुढील वर्षापासून तो युरोपात पाळला जाऊ लागला. संयुक्त राष्ट्रसंघाने त्याची दखल घेतली ती १९७५ साली. मध्ये साठांहून अधिक वर्षे लोटली. दिन आधी रस्त्यावर जन्मला आणि दप्तरी नोंद मागाहून झाली.

आपणांस सर्वांत जवळचा असा जो सहकार दिन, तोही राष्ट्रसंघाहून जुना आहे. जगभरच्या सहकारी संस्थांचा संघ १८९५ साली लंडन येथे स्थापन झाला आणि १९२३ पासून जुलै महिन्याचा पहिला शनिवार हा सहकार दिन म्हणून पाळू लागला. राष्ट्रसंघाने त्यास मान्यता दिली ती १९९५ पासून. आपल्या देशात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ साली झाला. १९०५ साली तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील धारवाड भागात, कणगिनहाळ या खेड्यात, सिद्धनगौडा पाटील यांनी शेतकऱ्यांची पतसंस्था स्थापन केली. ती देशातील पहिली मानली जाते. एका साध्या खेड्यातील शेतकरी जगातील सहकार दिनाच्या अठरा वर्षे आधी सहकारास लागला होता, हे आपणांस भूषणावह आहे. परंतु जुलैचा पहिला शनिवार! कोकणातील कोणत्या शेतकऱ्यास त्या दिवशी सभेला येण्याची फुरसत आहे? तरवा उपटून चिखलात लावणी चाललेली असते. घरातील म्हातारे माणूससुद्धा बांधावर असते. आपल्या राज्याचा कृषिदिनही १ जुलैलाच येतो, कारण तो माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांचा जन्मदिवस होय. नाईक साहेबांविषयी आदर सर्वांस आहे. पण त्या दिवशी ज्यांचा सत्कार करावयाचा तेच गुडघाभर चिखलात असतात, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५ साली संयुक्त राष्ट्रसंघ स्थापन झाला आणि दिनांच्या प्रथेस दप्तरी रूप आले. सनद अमलात आली तो २४ ऑक्टोबर हा राष्ट्रसंघाचा स्वतःचा दिन; १९४८ पासून तो पाळतात. जागतिक आरोग्य संघटनेची घटना ७ एप्रिल १९४८ रोजी अमलात आली, म्हणून १९५० पासून ७ एप्रिल हा आरोग्य दिन. येथपर्यंत गोष्ट सोपी होती. पुढे सदस्य राष्ट्रे वाढली, विषय वाढले आणि दिनही वाढत गेले. याची पद्धत अशी आहे की, एखादे राष्ट्र ठरावाचा मसुदा मांडते, इतर राष्ट्रे त्यास अनुमोदन देतात आणि आमसभा तो बहुधा विनाविरोध संमत करते. विरोध करावयाचा तरी कोणी आणि कशासाठी? मातीचा, पाण्याचा किंवा मधमाशीचा दिन नको, असे म्हणण्यास कोण उभा राहील? ज्याने आयुष्य सरकारी दप्तरात काढले त्याचे लक्ष मात्र अशा ठरावांतील एका कलमावर चटकन जाते. दिन पाळण्याचा खर्च ऐच्छिक देणग्यांतून भागवावा, असे त्यात लिहिलेले असते. म्हणजे ठराव झाला, पण तरतूद नाही. हे ध्यानी घेतले म्हणजे जागतिक दिनाकडून काय अपेक्षावे व काय अपेक्षू नये, याचा उलगडा होतो.

आता शेतीशी संबंध असलेल्या काही दिनांची कुळकथा पाहू.

५ जूनचा पर्यावरण दिन हा स्वीडनमधील स्टॉकहोम येथे १९७२ साली ५ ते १६ जून या काळात भरलेल्या परिषदेच्या आरंभाचा दिवस आहे. त्या परिषदेस यजमान देशाचे पंतप्रधान वगळता सरकारचे प्रमुख म्हणून उपस्थित राहिलेल्या एकट्या इंदिरा गांधी होत्या. दारिद्र्य आणि पर्यावरण यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही, असा त्यांच्या भाषणाचा रोख होता; आणि ज्या वर्षी त्या हे बोलल्या, त्याच वर्षी महाराष्ट्र भीषण दुष्काळात होरपळत होता व लाखो माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती. स्टॉकहोमची तारीख ठरविणाऱ्यांस कोकणच्या पावसाची कल्पना असण्याचे कारण नाही. तरी योगायोगाने ती तारीख आपणांस अचूक जुळली आहे. ५ जूननंतर थोड्याच दिवसांत मृगाचा पाऊस कोसळतो, आणि आंबा, काजू वा माडाचे रोप लावण्यास त्याहून चांगला काळ नाही. त्यासाठी खड्डे मात्र एप्रिल-मे मध्येच खणून उन्हात तापू दिलेले असले पाहिजेत. वेंगुर्ले येथील प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने काढलेल्या काजूच्या जाती आज कोकणभर पसरल्या आहेत; त्यांची कलमे चांगल्या रोपवाटिकेत आधी सांगून ठेवावी लागतात. ५ जूनला सकाळी रोप शोधावयास निघणाऱ्याच्या हाती गुलमोहर किंवा निलगिरीच लागते, आणि छायाचित्र निघाल्यावर त्यास पाणी घालण्यास कोणी फिरकत नाही.

५ डिसेंबरचा मृदा दिन मजेशीर आहे. जगातील मृदाशास्त्रज्ञांच्या संघाने तो २००२ साली सुचविला. ती तारीख थायलंडचे राजे भूमिबोल यांच्या जन्माची. त्यांनी मृदासंधारणाच्या कामास आयुष्यभर उत्तेजन दिले होते. आमसभेने २०१३ साली मान्यता दिली आणि २०१४ पासून तो रीतसर सुरू झाला. राजाचा जन्मदिवस असला तरी आपल्या दृष्टीने तो सोयीचा आहे, कारण तोपर्यंत गरवे भातसुद्धा कापून झालेले असते आणि जमीन मोकळी असते. मातीचा नमुना घेण्याची हीच वेळ. शेतात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा वीतभर खोल खड्डा करून त्याच्या कडेची माती सारख्या जाडीने तासून घ्यावी. सगळी एकत्र मिसळून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकीत जावे, म्हणजे अर्धा किलो माती उरते. बांधाजवळची, झाडाखालची किंवा शेणखताचा ढीग होता तेथील माती घेऊ नये. फळबागेत खोलवरचा नमुना निराळा घ्यावा लागतो. आपली जांभ्याची जमीन मुळात आम्लधर्मी आहे; किती आम्लधर्मी, हे तपासल्यावाचून सांगता येत नाही आणि तपासल्यावाचून दरसाल तेच खत टाकणे म्हणजे अंधारात दगड मारणे होय. केंद्र सरकारची मृदा आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ पासून आहे. पुष्कळांच्या घरी ती पत्रिका आली आहे, परंतु देव्हाऱ्यामागे ठेवलेली आहे.

याउलट मधमाशीचा २० मे हा दिन आपल्याकडे अगदी अवेळी येतो. स्लोव्हेनिया देशातील आन्तोन यान्शा हे आधुनिक मधमाशीपालनाचे आद्य गुरू. १७३४ साली २० मे रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या देशाने हा दिन मागितला आणि २०१७ साली आमसभेने दिला. युरोपात त्या वेळी फुलोऱ्याचा बहर असतो. आपल्याकडे मेच्या अखेरीस आंब्याच्या पेट्या बाजारात गेलेल्या असतात आणि काजूच्या बिया वाळून पोत्यांत भरलेल्या असतात. मधमाशीचे आपणांवरील उपकार फिटावयाचे किंवा तिचा नाश व्हावयाचा तो मार्गशीर्ष ते माघ या काळात, मोहोर फुललेला असताना. ऐन फुलोऱ्यात भर सकाळी कीटकनाशक फवारणाऱ्याने मे महिन्यात मधमाशीच्या रक्षणाची शपथ घेतली तरी तिचा उपयोग शून्य. कोकणात हा दिन पाळावयाचा तर तो पौषात पाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाण्याच्या दिनासंबंधी थोडक्यात सांगतो. १९९२ साली रिओ येथे भरलेल्या वसुंधरा परिषदेतून २२ मार्च हा दिवस पुढे आला व १९९३ पासून चालू झाला. मार्चमध्ये आपल्याकडील बहुतेक वहाळ आटत आलेले असतात. बंधारा घालावयाचा तो पाणी वाहते असताना, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात. मार्चात करण्यासारखे काम विहिरीच्या पाण्याची पातळी दोरीने मोजून वहीत लिहिण्याचे; दहा वर्षांची अशी वही ज्या गावात असेल ते गाव भाग्यवान.

सर्वच जागतिक दिन राष्ट्रसंघाने ठरविलेले नसतात, याचे उदाहरण म्हणजे आपल्या माडाचा दिन. आशिया व प्रशांत महासागरातील नारळ उत्पादक देशांची संघटना २ सप्टेंबर १९६९ रोजी स्थापन झाली. तिचे मुख्य ठाणे इंडोनेशियात जकार्ता येथे आहे आणि आपला देश तिचा सभासद आहे. तिच्या स्थापनेचा दिवस २००९ पासून जागतिक नारळ दिन म्हणून पाळतात. म्हणजे आपल्या नारळी पौर्णिमेनंतर थोड्याच दिवसांत जगाची नारळी पौर्णिमा येते. पहिलीत आपण नारळ देवास देतो; दुसरीत नारळाच्या बाजारभावाची व रोगांची चर्चा होते. दोहोंचा मेळ घालणे शक्य आहे. सप्टेंबरच्या आरंभी पावसाची झड कमी होऊ लागते, माडावर चढणारा माणूस मिळू शकतो. त्या वेळी शेंडा साफ करून घ्यावा, गेंड्या भुंग्याने पोखरलेली भोके तपासावी, तारेच्या आकड्याने भुंगा ओढून काढावा. त्याच्या अळ्या शेणखताच्या खड्ड्यात वाढतात. तो खड्डा उकरून त्या वेचून माराव्या. कोंब कुजण्याचा रोग पावसात बळावतो व वेळीच दिसला तर माड वाचतो. सोललेल्या नारळाची सोडणे जाळण्याऐवजी आळ्याभोवती चर खणून पुरावी, म्हणजे ती पुढील उन्हाळ्यात ओल धरून ठेवतात. हे काम एकट्याने करण्यात अर्थ थोडा; शेजारच्या बागेतील खड्ड्यात अळ्या राहिल्या तर भुंगा कुंपण मानीत नाही. सबंध वाडीने एका दिवशी करावयाचे काम असेल तरच दिन नेमण्यात स्वारस्य आहे, आणि हे तसे काम आहे.

आमच्या मच्छीमार बांधवांचाही एक दिन आहे आणि तो दिल्लीत जन्मला आहे, ही गोष्ट अभिमानाने सांगण्याजोगी आहे. २१ नोव्हेंबर १९९७ रोजी निरनिराळ्या देशांतील पारंपरिक मच्छीमारांचे प्रतिनिधी नवी दिल्लीत जमले व त्यांनी आपला जागतिक संघ स्थापन केला. मोठी यांत्रिक जहाजे किनाऱ्यालगतची मासळी ओढून नेतात आणि लहान होडीवाल्याचे जाळे रिकामे येते, ही त्यांची तक्रार होती. मालवणच्या किनाऱ्यावर या तक्रारीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. येथेही दिनामागे मागणी होती, म्हणून तो ध्यानात राहण्याजोगा.

धान्यासंबंधी एका वर्षाचाही उल्लेख केला पाहिजे. आपल्या देशाच्या सूचनेवरून राष्ट्रसंघाने २०२३ हे भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले. नाचणी आणि वरी यांस शहरात मान मिळाला, दुकानांत नाचणीची बिस्किटे आली. आमच्या डोंगरउतारावर नाचणी पेरणाऱ्यांची संख्या त्यामुळे वाढलेली मला तरी दिसली नाही. भरडण्याची सोय व खात्रीचे गिऱ्हाईक यांवाचून ती वाढणारही नाही.

आता ज्या दोन दिनांसाठी हा लेख मुख्यतः लिहिला त्यांकडे येतो. ते लागोपाठचे आहेत. १६ ऑक्टोबर १९४५ रोजी कॅनडातील क्वेबेक येथे अन्न व कृषी संघटना स्थापन झाली. १९७९ साली त्या संघटनेने ही तारीख अन्न दिन म्हणून ठरविली आणि १९८१ पासून तो पाळला जातो. त्याच्या आदल्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, ग्रामीण स्त्रियांचा दिन असतो. १९९५ साली चीनमधील बीजिंग येथे स्त्रियांची जागतिक परिषद भरली, तेव्हा ही कल्पना निघाली. अन्न दिनाच्या आदला दिवस मुद्दाम निवडला, कारण अन्न येते त्याच्या आधी ते पिकविणारी येते. २००७ च्या डिसेंबरात आमसभेने मान्यता दिली व २००८ पासून दिन सुरू झाला. आपल्या देशात त्याच तारखेस महिला किसान दिन पाळतात. शिवाय २०२६ हे सारे वर्ष राष्ट्रसंघाने शेतकरी स्त्रीचे वर्ष म्हणून ठरविले आहे.

या दोन तारखा कोकणात ऐन भातकापणीत येतात. १५ ऑक्टोबरला कापणीस वाकलेल्या रांगेत बायकाच अधिक दिसतात, कारण घरातील पुरुष मुंबईस किंवा गोव्यात नोकरीस असतो. हे आजचे नव्हे. लोखंड्यांच्या काळी गिरणीत गेलेल्या पुरुषामागे त्याच्या घरची शेती जिने सांभाळली, तिच्यापासून हे चालत आले आहे. गुरे, लावणी, कापणी, झोडणी, काजू वेचणे, मजूर बोलावणे, सोसायटीचे खत आणणे हे सर्व तिने करावयाचे. परंतु दप्तर उघडले तर काय दिसते? मी महसूल खात्यात कारकुनी केली, तेव्हा ही गोष्ट रोज डोळ्यांपुढे असे. सातबारा म्हणजे गाव नमुना सात व गाव नमुना बारा यांचा एकत्र उतारा. सातमध्ये मालकाचे नाव, बारामध्ये पिकाची नोंद. बारातील भात बहुशः तिने पिकविलेले असते आणि सातमध्ये तिचे नाव नसते. पूर्वी मयताच्या वारसांची नोंद करताना मुलांची नावे कब्जेदार सदरी आणि विधवा व मुली यांची नावे 'इतर हक्क' या सदरी लिहिण्याचा प्रघात कित्येक ठिकाणी होता. कायद्याने मुलींस वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क महाराष्ट्रात १९९४ साली व देशभर २००५ साली दिला. प्रघात मात्र कायद्याइतका लवकर बदलत नाही.

नाव नसल्याने अडते कोठे, असे कोणी विचारील. पीककर्ज मागावयास गेले तर सातबारा; अतिवृष्टीची नुकसानभरपाई घ्यावयाची तर सातबारा; शेतकरी म्हणून ओळख क्रमांक काढावयाचा तरी सातबारा. धनी मुंबईस, फोन लागत नाही, सही हवी, आणि भरपाईच्या अर्जाची मुदत उद्या संपते, अशी अडचण घेऊन आलेल्या कित्येक भगिनी कचेरीच्या पायरीवर बसलेल्या मी पाहिल्या आहेत. भात तिने पिकविलेले, बुडालेले तिने पाहिलेले, आणि अर्ज करण्याचा अधिकार तिला नाही.

यावरील उपाय जगाने सांगण्यापूर्वी महाराष्ट्राने सांगितलेला आहे. १९८६ साली नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले. हजारो शेतकरी स्त्रिया तेथे जमल्या. पुढे शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची चळवळ उभारली. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग स्वखुशीने पत्नीच्या नावे करावा, हा तिचा आशय होता, आणि पुष्कळ गावांनी तसे केले. राज्य शासनानेही १९९२ साली लक्ष्मीमुक्ती याच नावाची योजना काढली. तीनुसार पतीने अर्ज केल्यास त्याच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून दाखल होऊ शकते. ग्रामीण स्त्रियांचा जागतिक दिन त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी आला. तरीही आपल्या भागात ही योजना पुष्कळांच्या कानावर गेलेली नाही.

सबब, १५ ऑक्टोबर हा दिन आपल्या संस्थेने सत्काराचा न ठेवता नोंदीचा ठेवावा, असे मी सुचवितो. आणि त्याचे काम १५ ऑक्टोबरला नव्हे, गणेशचतुर्थीस सुरू करावे. कारण या कामास पतीचा अर्ज व सही लागते, आणि कोकणातील चाकरमानी हमखास घरी सापडतो तो चतुर्थीस. आरती झाल्यावर, पानाचा डबा फिरत असताना, घरातील वडीलमाणसांसमोर ही गोष्ट निघाली तर ती बहुधा नाकारली जात नाही. अर्ज, चालू सातबारा आणि उभयतांच्या ओळखीचे व विवाहाचे पुरावे जोडून तो तहसीलदारांकडे द्यावा. आदेशानंतर फेरफारास नोंद धरली जाते, हितसंबंधितांस नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते. गावातून असे किती अर्ज गेले व किती नोंदी झाल्या हे त्या सभेत वाचून दाखवावे आणि वृत्तान्ताच्या वहीत लिहून घ्यावे. चतुर्थी ऑगस्टात आली तर कापणीपूर्वी काही नोंदी पुऱ्या होतील. सप्टेंबरात आली तर थोडा उशीर होईल, इतकेच.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. पुष्कळ घरांच्या सातबाऱ्यावर अद्याप मयत आजोबांचे किंवा पणजोबांचे नाव आहे, आणि खाली चुलतभावांची वीस-पंचवीस नावे आहेत. आजोबांच्या नावावरील जमिनीस नातू पत्नीचे नाव लावू शकत नाही. प्रथम वारसनोंद झाली पाहिजे. तिचा अर्ज मृत्यूच्या दाखल्यासह व सर्व वारसांची नावे, मुली व विधवा यांच्यासह, लिहून तलाठ्याकडे, ज्यांस आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, द्यावयाचा असतो. हे काम मे महिन्यात उरकावे. मुलांच्या सुट्टीमुळे मुंबईची भावंडे तेव्हा आंबे खावयास आलेली असतात, सासरी गेलेल्या बहिणीही माहेरी असतात, आणि पाऊस लागावयास अजून अवकाश असतो.